वेसकराची पोर आणि दप्तरदार

वकीलसाहेबांनी माझ्या नायिकेला मारून टाकलं आणि कथेखाली माझं नाव मात्र तसंच ठेवलं. नाव काढलं असतं तर मी गप्प बसले असते. कदाचित. पण त्यांनी नाव ठेवलं, सुरेख वळणदार अक्षरात, खाली दोन रेघा ओढून. म्हणजे ज्याला त्याला कळावं की हे पाप हिचंच.

काय झालं ते सरळ सांगते. आडवळणाने लिहायला मला येत नाही. मी पत्रकं लिहूनच लिहायला शिकले.

आमचं गाव बेला. नदीच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आम्ही आंध्रात. शाळा मराठी, बसची पाटी तेलुगू, आणि रेव्हेन्यू ऑफिसात गेलं की निजामाच्या वेळची उर्दू. बाबा मराठी शाळेत मास्तर. आजोबा सालदार होते, दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या कराराने राबणारे. आणि त्यांच्याही कितीतरी आधी आमच्या घराकडे गावाची वेसकरकी होती. दिवस मावळला की गावाची वेस बंद करायची, उजाडलं की उघडायची, आणि मधे कोणी आलं तर ते कोण ते विचारायचं, हे आमचं काम.

आमचं तरुणांचं एक मंडळ होतं. मराठी शाळेची पुस्तकं दसरा उलटला तरी येत नसत, कापूस वेचणाऱ्या बायांना पाणी द्यायला कोणी तयार नसे, अशा एकेका गोष्टीवर पत्रक निघे आणि ते मी लिहीत असे. आणि हीच मी ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या वाचत असे. लपून नाही, उघड, बसमध्ये, मुखपृष्ठावरचा घोडा सगळ्यांना दिसेल असं पुस्तक धरून. मंडळातले म्हणत, "मजुराचं पत्रक लिहिते अन् राजेलोकाच्या भानगडी वाचते." वाचते. दौडत आलेला घोडा, त्याच्या तोंडाचा फेस, अंगरख्यावरची धूळ, सज्जातून खाली पाहणारी ती, आणि तिनं पाहिलं हे त्याला कळलेलं. माझ्या अंगावर काटा येतो. याची मी कुणाकडे माफी मागणार नाही.

पण त्या प्रत्येक पुस्तकात एक जागा अशी येते की मी पुस्तक मिटते. स्वार वेशीपाशी येतो, वेस उघडते, स्वार आत जातो. उघडणारा माणूस पुढच्या ओळीत नसतो. त्याला घर असेल, त्याला तरणी मुलगी असेल, तिलाही घोड्याच्या टापा ऐकू आल्या असतील, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. माझ्या आलं, कारण ते आमचं घर.

म्हणून मी कथा लिहिली. बाप तापानं फणफणलेला, वेस मुलीच्या हातात. किल्ल्यावरचा एक शिलेदार उशिरा पोचतो. ती नियमानं त्याला आत घेत नाही. तो दाराबाहेर बसतो, ती दाराआड, आणि वेस उघडायची वेळ होईपर्यंत दोघं बोलतात. तोंड कोणी कोणाचं पाहिलेलं नाही, फक्त आवाज. एवढीच कथा. मला ती फार आवडत होती.

आदिलाबादला मराठी लोकांचं एक वाचनालय होतं, आणि त्याचा दरवर्षी हातानं लिहिलेला दिवाळी अंक निघे. एकच प्रत. ती तांबड्या बस्त्यात बांधून घरोघर फिरायची, एका घरी दोन दिवस. शेवटी काही पानं कोरी सोडलेली, वाचणाऱ्यानं त्यावर अभिप्राय लिहायचा आणि बस्ता पुढच्या घरी पोचवायचा. क्रम ठरलेला होता. आधी वकील-डॉक्टर, मग बँकेतले, मग शहरातले मास्तर, मग खेड्यातले, आणि आमची वस्ती सगळ्यात शेवटी. आमच्याकडे बस्ता यायचा तेव्हा होळी जवळ आलेली असे आणि कोऱ्या पानांवर बोट टेकवायला जागा नसे.

अंकाचे संपादक वकीलसाहेब. जुनं घराणं, निजामाच्या काळापासून कचेरीत वजन. त्यांनी माझी कथा घेतली हे कळल्यावर बाबांनी शाळेत पेढे वाटले होते.

बस्ता आला तो रविवार. दुपारी बुद्धविहारात वंदना झाली, मी सगळ्या बायांना थांबवलं. माझी कथा आहे, वाचून दाखवते म्हटलं. आत्या सगळ्यात पुढे बसली. ती बाबांची मोठी बहीण. शाळेत गेली नाही, पण ऐकलेलं विसरत नाही. मी उभी राहून वाचायला लागले, आणि दुसऱ्या पानावर माझी जीभ अडखळली. दाराआड बसलेली मुलगी देशमुखाची निघाली. वेसकराची पोर होती, पण ती आता त्या मुलीची दासी होती. ती चिठ्ठ्या पोचवत होती. मी थांबू शकले असते. थांबले नाही. एवढ्या बाया ऐकत होत्या, आणि मला वाटत होतं की पुढच्या ओळीत तरी माझं काहीतरी येईल. पुढच्या ओळीत मालकिणीवरचा वार दासीनं छातीवर घेतला आणि "बाईसाहेब, सुखी राहा" म्हणत ती मेली.

मग आत्या म्हणाली, "काऊन वं माय, आपल्याच पोरीले मारलं तुनं?"

"मी नाही मारली, आत्या."

"खाली नाव कोनाचं हाय?"

"माझं."

"मंग?"

मी शेवटची पानं उलटली. 'दासीचे मरण वाचताना डोळे पाणावले.' 'लेखिकेचे अभिनंदन, घराण्याशी निष्ठा कशी असावी याचे उदाहरण.' बँकेतल्या एकानं तर दोन ओळींची कविताच केली होती. हे असं नाही, मी हे लिहिलेलं नाही, असं लिहायला मी जागा शोधली. समासातसुद्धा नव्हती.

सोमवारी पहिल्या बसनं मी आदिलाबादला गेले. वकीलसाहेब वाचनालयात सुपारी कातरत बसले होते. चैत्र तोंडावर आलेला, तरी गळ्यात मफलर. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "तसं नव्हे" म्हणायची त्यांना सवय होती, कोर्टातसुद्धा.

"कथा तुम्ही बदलली," मी म्हटलं.

"तसं नव्हे. वर आणली. ऐतिहासिक लिखाणाला भारदस्तपणा लागतो, पोरी. किल्ल्यावरचा शिलेदार वेसकराच्या मुलीसाठी झुरतो, हे वाचकाला पटत नाही."

"कोणत्या वाचकाला?"

अंगठा जिभेला लावून त्यांनी समोरच्या वर्तमानपत्राचं पान उलटलं. "अन् तुमची मुलगी काढली का मी? ठेवली. किती उदात्त मरण दिलं तिला."

"एवढं उदात्त होतं तर देशमुखाच्या पोरीला द्यायचं होतं."

पेपर वाचत बसलेले दोघं फसकन हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. "ही पत्रकाची भाषा झाली," ते म्हणाले. "साहित्याची नाही. बाबांना सांग, मी विचारलं म्हणून."

परत येताना बसमध्ये मी शांत होते. मला न्याय नको होता. न्यायासाठी अर्ज करतात आणि वाट पाहतात. मला बदला पाहिजे होता, आणि तो कोणत्या भाषेत घ्यायचा तेही त्यांनीच सांगितलं होतं: पत्रकाच्या.

आमचं पत्रक कागदाच्या एका बाजूला निघायचं. दुसरी बाजू कोरी. वाटून झालं की तासाभरात त्यात भजी बांधलेली दिसायची. मी मंडळाच्या सेक्रेटरीला म्हटलं, मागच्या बाजूला मी कादंबरी लिहिते, दर पत्रकाला एक भाग. लोक कागद जपून ठेवतील.

"कायची कादंबरी?"

"ऐतिहासिक. प्रेमाची."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काँग्रेस गवताची शेती करायला निघालेय. पण भजी त्यालाही झोंबत होती. हो म्हणाला.

आमच्याकडे सायक्लोस्टाइलचं मशीन होतं, मराठी टाइपरायटर नव्हता. मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकाच्या लेखणीनं हातानं अक्षर कोरावं लागे. जोर कमी पडला तर उमटत नाही, जास्त झाला तर 'ठ'चं पोट गळून पडतं आणि छापताना तिथं शाईचा डाग उठतो. खाडाखोड जमत नाही. एक स्टेन्सिल म्हणजे एक पान, भाग तिथं संपलाच पाहिजे. कादंबरी लिहायची मला हीच पद्धत माहीत आहे. अजूनही पान संपत आलं की माझं पात्र निर्णय घेतं.

पहिल्याच भागात माझ्या हातून एक घोटाळा झाला. दाराआडून ती त्याच्याशी प्रेमानं बोलते असा प्रसंग होता. कोरताना हात आपल्या सवयीनं गेला. छापून पाहिलं तर ती म्हणत होती: एक, बापासाठी किल्ल्यावरचा वैद्य पाठवावा. दोन, भरल्या गावात मला नावानं हाक मारावी. तीन, वरील मागण्या अमावास्येपर्यंत मान्य न झाल्यास बोलणे बंद करण्यात येईल.

सेक्रेटरी मशीनचं हँडल फिरवता फिरवता थांबला. "हे प्रेम हाय का निवेदन?"

"दोन्ही."

"मंग खाली लिह्य, प्रत माहितीसाठी कलेक्टरसाहेबाले."

स्टेन्सिल फुकट घालवता येत नव्हती, तसंच छापून वाटलं. आणि विहारात वाचलं तर बाया खूश. आत्या म्हणाली, "हे पोरगी बराबर बोलली. मले नाई सुचलं तवा."

आता दप्तरदार. किल्ल्याच्या दप्तराचा कारभारी, माझा खलनायक. वेसकरांची नावं खोडून तिथं दुसऱ्यांची नावं चढवणं हा त्याचा धंदा. भर उन्हाळ्यात गळ्याला शेला गुंडाळून बसतो. सुपारी कातरतो. अंगठा जिभेला लावून पान उलटतो. आणि शिलेदार म्हणाला "आग लाग—" की हा म्हणतो, "तसं नव्हे."

तिसऱ्या भागात त्याची पगडी विहिरीत पडली. चौथ्यात त्याची दाढ ठणकली आणि गावातल्या न्हाव्यानं ती चुकून शेजारची काढली. पाचव्यात सुभेदारासमोर उभं राहून त्याला स्वतःचंच अक्षर वाचता आलं नाही. मी हे सगळं फार काळजीनं लिहिलं. इतक्या काळजीनं मी काहीच लिहिलेलं नाही.

बेल्याच्या बाजारात कागद गेले, आदिलाबादच्या बस स्टँडवर गेले, कोर्टाच्या आवारात तर मी स्वतः जाऊन वाटले. दप्तरदार कोण, ते कोणाला विचारावं लागलं नाही. पाचव्या भागापर्यंत कोर्टातले तेलुगू कारकून, ज्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, तेही कुणाकडून वाचून घेऊन वकीलसाहेबांना पाठीमागे "दप्तरदार गारू", म्हणजे दप्तरदारसाहेब, म्हणायला लागले. एकदा भर सुनावणीत त्यांनी "तसं नव्हे" म्हटलं आणि मागच्या बाकावर हशा उठला, असं ऐकलं. खरं होतं की नाही मी तपासलं नाही. मला ते खरं हवं होतं.

इथं लिहिणाऱ्यानं म्हणायचं असतं की नंतर मन खायला लागलं. माझं खाल्लं नाही. उलट मला भूक चांगली लागायला लागली. बाबा मात्र घाबरले. "मोठा माणूस आहे," म्हणाले. मी म्हटलं, "मी कुठं त्यांचं नाव घेतलं? त्यांनी माझं घेतलं होतं."

आठवा भाग वाटून मी स्टँडवर बसची वाट पाहत होते. वकीलसाहेब समोरून आले. मला वाटलं, आला क्षण. मी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांनी पिशवीतून एक जाड पुठ्ठ्याची फाइल काढली, कोर्टातल्या मिसलीसारखी, आणि दोरी सोडली. आत माझे कागद, ओळीनं लावलेले, प्रत्येकाला भोक पाडून.

"सहावा मिळाला नाही," ते म्हणाले. "मिसल अपुरी राहते."

मी पिशवी काखेत ओढून घेतली.

"तसं नव्हे, राग नाही मला. दप्तरदार झकास उतरलाय. सुपारीचं तर हुबेहूब. आमच्या हिनं दोनदा वाचलं." मग जवळ येऊन, जसं काही आम्ही एका बाजूचे वकील आहोत, "त्याचा शेवट मात्र दणदणीत कर. कडेलोट कर. लोकांच्या लक्षात राहील."

सहावा कागद माझ्या पिशवीत होता. मी दिला. का दिला माहीत नाही. फाइलीला लावून, दोरी बांधून ते निघून गेले, आणि मला कळलं की मी इतके महिने त्या माणसाची पालखी वाहते आहे.

त्याच आठवड्यात आत्यानं दुसरा फटका दिला. मी विहारात आठवा भाग वाचला, बाया दप्तरदारावर पोट धरून हसल्या. आत्या हसली नाही.

"पोरगी कुठी हाय?" ती म्हणाली.

"कोणती?"

"आपली. वेसकराची. चार कागद झाले, मी पाहून राह्यली. तिचा बाप बरा झाला का मेला? त्या घोडेवाल्यानं हाक मारली का नाई तिले? का तुले त्या सुपारीवाल्याशीच लगन लावाचं हाय?"

बाया पुन्हा हसल्या, या वेळी मला. मी घरी येऊन सगळे भाग काढून बसले. आत्याची मोजणी चुकलेली नव्हती. चार भागांत माझी नायिका एकदाच येत होती, तीही दप्तरदाराच्या घोड्यापुढे पाण्याची बादली ठेवायला. वकीलसाहेबांनी निदान तिला मरताना दोन शब्द दिले होते. मी तेही दिले नव्हते.

तेव्हा मला जो राग आला तो आधीच्या रागासारखा नव्हता. आधीचा गरम होता, त्यात मजा होती. हा थंड होता. त्यातला अर्धा माझ्यावर होता आणि अर्धा त्यांच्यावर, कारण त्यांनी माझ्या हातूनही तेच करवून घेतलं होतं आणि वर फाइलीला लावून ठेवलं होतं. त्यांना कडेलोट पाहिजे होता. मला तो लिहिता आला असता. उंच कडा, खाली दरी, फडफडणारा शेला. दोन पानं सहज गेली असती, आणि जिल्हाभर लोकांनी त्याच्यासाठी चुकचुक केली असती.

नववा भाग मी अशा ओळीनं सुरू केला: 'त्या वर्षी दप्तरदाराची दुसऱ्या किल्ल्यावर बदली झाली.' पुढचं वाक्य तिचं. त्या पानावरचं, आणि नंतरच्या तीन भागांतलं, सगळं तिचं. बाप गेला. गावानं वेसकरकी तिच्या चुलतभावाला द्यायचं ठरवलं, आणि चावडीसमोर उभं राहून तिनं ती मागून घेतली. मागण्या या वेळी मी मुद्दाम घातल्या, क्रमांक टाकून. शिलेदारानं भरल्या गावात तिला नावानं हाक मारली आणि ती लगेच वळली नाही. दुसऱ्यांदा मारायला लावली. घोडा वेशीशी बांधला गेला तो कायमचा. लिहिताना माझ्या अंगावर तोच काटा आला, दुसऱ्यांची पुस्तकं वाचताना येतो तो.

नववा कागद निघाल्यावर तीन दिवसांनी वकीलसाहेब स्टँडवर आले. कागद हातातच होता, फाइलीत गेला नव्हता.

"बदली?" ते म्हणाले.

"हो."

"कुठं?"

"ते लिहिलं नाही."

"तसं नव्हे, म्हणजे परत येतो का तो? पुढच्या भागात?"

"नाही."

त्यांनी कागद उलटून पाहिला, जणू मागे असेल. मागे शाळेच्या पुस्तकांचं पत्रक होतं. "इतका उभा केलास माणूस," ते म्हणाले, "आणि एका ओळीत... निदान कारण तरी."

"बदलीच्या हुकमात कारण नसतं, साहेब. तुम्हाला माहीत आहे."

ते तसेच उभे राहिले. ओठ हलले, पण ते त्यांचे दोन शब्द आले नाहीत, कारण नाकारायला मी काही म्हटलंच नव्हतं. एक थकलेला, उन्हात मफलर घातलेला माणूस, आपला पुढचा भाग नाही हे कळलेला. बेल्याची बस लागली, भरली, सुटली. मी चढले नाही. मला तो चेहरा पुरता पाहून घ्यायचा होता, आणि मी घेतला. त्या दिवाळीला त्यांनी अंकासाठी कथा मागितली. मी दिली नाही.

शेवटचा भाग मी विहारात वाचला. वेशीशी घोडा, दारात ती. वाचून झालं. बाया उठायला लागल्या. आत्या उठली नाही.

"मंग?" ती म्हणाली. "लेकरं किती झाले तिले?"

"ते नाही लिहिलं, आत्या. कादंबरी संपली."

"जिती ठेवली ना तुनं तिले?"

"हो."

"मंग संपली कशी? बस खाली, सांग."

मी बसले. काही ठरवलेलं नव्हतं. पहिली मुलगी झाली, मी म्हटलं, आणि तिचे केस कुणासारखे होते ते आत्यानं विचारलं.